आधी ताणा, मग बाणा

कामतघर, मंगळवार, १९९३

आज माझाच मला राग आला. तिरक्या पट्टीच्या कापडाचा उतार काढायला प्रोग्रॅम लिहिलाय. कोन काढणाऱ्या फंक्शनला दोन आकडे द्यायचे. शाळेतल्या आलेखासारखा मी आडव्या धाग्यांचा आकडा आधी दिला, उभ्यांचा नंतर.

छापलेला कागद आमच्या कारखान्यात माग लावून देणारे जुने जॉबर रशीदचाचा यांना दाखवला. "बेटी, ये पट्टी तो लेट गई." कॉम्प्युटर चुकत नाही, मी तोऱ्यात म्हणाले. का म्हणाले? त्यांनी गिऱ्हाइकाच्या नमुन्यावर बोट ठेवलं. त्यातली पट्टी चांगली उभट होती, माझ्या कागदावरची आडवी पडलेली.

मॅन्युअल उघडलं. स्पष्ट छापलंय, उभा आकडा आधी, आडवा नंतर. असं उलटं कोण ठेवतं, म्हणून मी चिडले. चाचा म्हणाले, "उलटा कहाँ? लूम पे पहले खडा ताना चढता है. उसके बिना आडा बाना बैठेगा किस पे?"

खरंच की! माझ्या कागदावर लूम लावला असता तर बीमच्या रुळावर गुंडाळलेलं अख्खं सूत वाया. आणि त्यांना नुसत्या नजरेने कळलं, लेट गई.

जाताना मॅन्युअल हातात तोलत म्हणाले, "लिखनेवाले ने कभी लूम चलाया होगा."

मी हो म्हटलं. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली मी ऐकली नाही.