धारखेडच्या दरडीवरचं गवत

मी, रुख्मिणी देवमन मेहरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा फुलशेती व फुलविक्री, राहणार धारखेड, तालुका तिवसा, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पितृपक्षात असलं काही लिहू नये, असं सूनबाईचं म्हणणं पडलं. पण पितृपक्षात फुलांना गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे सवड आत्ताच आहे. मरणाच्या कागदाला मुहूर्त कोण पाहतं?

१. राहतं घर, विहीर, मोटारपंप आणि झेंडू-शेवंतीचं वावर मुलगा शेखर याला. बोलतो तिरसट, पण माझ्या आजारपणात दवाखान्यात बसून राहिला तो तोच.

२. पितळी तराजू, हार गुंफायच्या सुया आणि बँकेतली शिल्लक सून करिश्मा हिला. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. हे तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून इथं लिहिते.

३. वडिलांनी चोळीबांगडीसाठी माझ्या नावे केलेलं नदीकाठच्या दरडीवरचं गवताचं पडीत. चतुःसीमा: पूर्वेस वर्धा नदीची खोल घळ, पश्चिमेस आमचं वावर, उत्तरेस नाला, दक्षिणेस कौंडण्यपूरकडून काठाकाठानं येणारी पायवाट. हे पडीत मी माझी मुलगी गीतांजली श्याम भोपळे, राहणार तेल्हारा, जिल्हा अकोला, हिला देते. शेखरला राग येईल. येऊ दे.

या गवतात भादव्यात एक फूल येतं. वेल वीतभर, फूल छोट्या कंदिलासारखं. गीतांजलीला ते लहानपणी सापडलं आणि तिनंच त्याला कंदिली नाव दिलं. पुढे अमरावतीहून अभ्यास करणारी माणसं आली. म्हणाली, ही जात आता मोजक्याच ठिकाणी उरली आहे, सांभाळा. आम्ही फुलं विकून जगलो, पण हे एक फूल आमच्या घरात कोणी तोडलं नाही. महालक्ष्म्यांच्या पत्रीसाठी बाया कंदासकट उपटू लागल्या, तेव्हा मी काठी घेऊन दरडीवर बसले. देवीला राग आला असेल तर मी वर गेल्यावर पाहून घेईन.

गीतांजलीनं परजातीत आपल्या मर्जीनं लग्न केलं. आमच्या शेजारच्या कौंडण्यपुरातून रुक्मिणी कृष्णासोबत अशीच गेली होती. तिची यात्रा भरते, तिला साडीचोळी होते. माझी पोर गेली तर गावाच्या तोंडाला कुलूप लागलं आणि माझ्या नवऱ्यानं दार लावलं. "ह्या उंबरठ्याच्या आत पाय टाकू नको," ते म्हणाले. ती म्हणाली, "नाई टाकत. कदीच नाई." बापलेक दोघंही शब्दाचे पक्के. मधल्यामधे मी वाळले.

बाप गेला तेव्हा ती आली, पण नदीवरच्या घाटावरूनच परत गेली. मी घरात बायांच्या गराड्यात बसलेली. मला ती दिसलीसुद्धा नाही.

दर भादव्यात तिचा फोन येतो. "माय, फुलली काय वं कंदिली?" मी म्हणते, "फुलली. येऊन पाह्य." ती म्हणते, "त्या उंबरठ्यावर मी पाय नाई ठेवत माय. तुले मालूम आहे." मला तिची फार आठवण येते. वळणं न घेता लिहिते. भाकरी थापताना येते, दुकानात पोरीबाळी गजरे घेतात तेव्हा येते.

मध्यंतरी शेखरनं फुलाच्या काळजीपोटीच पडिताला तारेचं कुंपण घातलं, शेळ्या बंद केल्या, गवत कापू दिलं नाही, वर झाडंही लावली. गवत छातीइतकं माजलं आणि भादव्यात कंदिली दिसेना. फोनवर ते सांगितलं तर पोर रडली. बापाच्या दारातून निघताना रडली नव्हती. "गवत कापलं नाई काय? तिले ऊन पाह्यजे माय!" मग मी कुंपण काढलं, झाडं उपटली, गावात शेळ्या पाळणाऱ्या नितेशचा कळप आत सोडला. कंदिली परत आली, पण पूर्वीइतकी नाही. आता शेखर म्हणतो, "गवताचं काय करून राहिली वं माय? शेंदूरजनाघाटची कलमं आणतो, संत्रा लावू." याच्या हाती पडीत गेलं तर कंदिली संपली. गीतांजली कोणाला हात लावू देणार नाही.

४. म्हणून अटी. पडिताला नांगर लावू नये, झाड लावू नये, कुंपण घालू नये. शेंगा तडकून बी उडाल्यावरच गवत कापावं. कापलेलं गवत नितेशला फुकट द्यावं.

५. माझ्या मढ्यावर विकत आणलेली फुलं घालू नयेत. घरचा झेंडू पुरे. राख घाटावर सोडू नये. त्याच दरडीवरून नदीत सोडावी, आणि गीतांजलीच्या हातून.

पोरी, तुझा शब्द मोडू नको. घर मी मुद्दाम तुझ्या भावाला दिलं. तू कौंडण्यपूरला उतर आणि काठाकाठानं पायवाटेनं थेट तुझ्या गवतात ये. त्या वाटेवर उंबरठा नाही.

ठिकाण: धारखेड. दिनांक: १२ सप्टेंबर २०२५.
लिहून ठेवणार: रुख्मिणी देवमन मेहरे (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. पौर्णिमा खलोकार, शिक्षिका (सही)
२. पंजाबराव होले (सही). यांचं-माझं बांधावरून जुनं भांडण आहे. म्हणूनच बोलावलं. माझ्या बाजूनं खोटं बोलले, असं कोणी म्हणणार नाही.