अप्पांचे पेढे

विलेपार्ले, शनिवार

प्रिय मधुकर,

आधी आमच्या अप्पांवर रागावून घेते, मग बाकीचं लिहिते. आपला साखरपुडा झाल्याचा आनंद त्यांच्या पोटात मावत नाही, हे मला समजतं. पण म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन थेट माझ्या बँकेत यायचं? तेही मला न सांगता, ऐन गर्दीच्या वेळी, ठेवणीतली काळी टोपी घालून? अंधेरी शाखेत शिपायापासून साहेबांपर्यंत एकालाही त्यांनी सोडलं नाही.

या नोकरीत मी काय काय सोसलं, ते तुला नाशिकला बसून पुरतं कळायचं नाही. सुरुवातीला मला नुसते पावत्यांचे गठ्ठे बांधायला बसवलं. बायकांसाठी वेगळी सोय नाही, म्हणून शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे जावं लागतं. त्या चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, आणि मग उशीर झाला म्हणून साहेबांची बोलणी. खिडकीवर बसले तर लोक माझ्या डोक्यावरून आत डोकावून विचारायचे, कोणी माणूस नाही का? तेच लोक आता शेजारची खिडकी रिकामी असली तरी माझ्यापुढेच उभे राहतात. मधुकर, मला हे काम आवडतं रे. दुपारचा हिशेब पहिल्या फटक्यात जुळला की जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कशानेच होत नाही. आणि येत्या पहिल्या तारखेला मी कायम होणार होते.

साहेबांनी दोन पेढे खाल्ले, अप्पांची पाठ वळताच मला आत बोलावलं आणि राजीनामा कधी देणार, म्हणून विचारलं. लग्न झालेली बाई बँकेत ठेवायची नाही, असा नियम आहे म्हणे. मी म्हटलं, माझ्या शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ चार मुलांचे बाप आहेत, ते कसे चालतात? तर म्हणाले, त्यांची गोष्ट वेगळी. लग्नाला निघालेल्या मुलीला कायम करून काय उपयोग, असं पुटपुटत त्यांनी माझा कागद बाजूला सारला आणि माझं डोकं फिरलं.

"साहेब, ते लग्न मोडलंय," मी म्हणाले. "अप्पांना अजून सांगितलेलं नाही."

साहेबांना इतकं वाईट वाटलं, की तिथल्या तिथे त्यांनी कागदावर सही केली आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

आता खरी पंचाईत ऐक. आमचे हेडकॅशियर गुणाजीराव तेव्हा दारातच उभे होते. ते मुलुंडला तुमच्याच चाळीत राहतात, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझ्या आईंची तार तुला येईलच, म्हणून आजच लिहिते आहे. लग्न मोडलेलं नाही. पण ठरल्याप्रमाणे वैशाखात ते करताही येणार नाही. नियम काढून टाका म्हणून युनियन भांडते आहे. तो कधी निघेल, पुढच्या वर्षी की पाच वर्षांनी, कोणी सांगू शकत नाही. तोवर लोक तुला मोडलेल्या लग्नाचा नवरा म्हणतील, आणि तुला ते ऐकून घ्यावं लागेल. थांबशील का? नाही म्हणालास तर मी खूप रडेन. पण रडून झालं की बँकेत जाईन, हेही आत्ताच सांगून ठेवते.

बँकेच्या लेखी कोणाचीच नसलेली, पण तुझीच,
नीला