लाखोरीच्या कडेचा दगड

बाबा, तुमचं ते मी आजही मानत नाही. शेठच्या घरच्या लोकांदेखत मला बोलायचं काही कारण नव्हतं. बोलायचंच होतं तर कडेला घेऊन बोलायचं, नाहीतर शनिवारी घरी आल्यावर बोलायचं. त्या दिवशी साऱ्या गावाची लाखोरी डांबरीवर पसरली होती. धान निघाल्यावर त्याच बांध्यांत टाकलेलं हे डाळीचं पीक उन्हाळ्याच्या तोंडावर वाळतं, आणि लाखनीकडे ज्याचं शेत हायवेला लागून आहे तो ते उपटून रस्त्यावर आणून टाकतो. ट्रका वरून जातात, दाणे आपोआप मोकळे होतात, बैल फिरवावे लागत नाहीत. ड्रायव्हर लोक पीक टाळून कडेनं निघायला बघतात, म्हणून कडेला दगड मांडायचे, म्हणजे गाडीला लाखोरीवरूनच जावं लागतं. हे काही मी काढलेलं नाही. मी शाळेत जायच्या आधीपासून चालत आलं आहे. मग बोलणी मला एकट्यालाच काहून?

तुम्ही भंडाऱ्याच्या एका भांडेवाल्या शेठची अँबॅसडर चालवत होते. आठवडाभर तिकडेच, शनिवारी एसटीनं घरी. पण सुट्टीला शेठचं घरदार फिरायला निघालं का तुमचा शनिवारही जायचा. कधी गायमुख, कधी नवेगावचा तलाव. एकदा मीही सोबत होतो, म्हणून मला ठाऊक आहे. निघायच्या आधी तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारली, चारही चाकांना टाच मारून बघितली, आणि मागचे दोन्ही दरवाजे आईच्या जुन्या लुगड्याच्या काठानं आतून बांधले, लेकरांच्या हातून उघडू नयेत म्हणून. शेठची सून म्हणाली, "ड्रायव्हर, बकऱ्या नेऊन राहिले का बाजारात?" तुम्ही म्हणाले, "बकरी पडली तर पैसे भरता येते, बाईसाहेब." दुपारी तलावावर सारे जेवले, तुम्ही फुटाणे खाल्ले. गाडी चालवायची असली का तुम्ही पोटभर जेवत नव्हते, सुस्ती येते म्हणून. आणि कारध्याला नदीवर गाडी धुवायला नेली तेव्हा मी म्हटलं, मलेही चालवायले शिकवा. तर म्हणाले, "चालवनं कोनालेही येते. पहिले उभी करायले शिक." तासभर मला बंद गाडीत नुसता ब्रेक दाबायला लावला. माझा पाय दुखून आला, पण त्या दिवशी तुम्ही माझ्याशी जेवढं बोलले तेवढं पुन्हा कधी बोलले नाहीत.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मी सातवी नापास होऊन घरी बसलेला. सकाळी मी रस्त्यावर काठीनं लाखोरी उलटवत आहे आणि तुमची गाडी येते. आपल्या शेतापाशी आले का तुम्ही दोनदा हॉर्न वाजवायचे, मी हात वर करायचो, एवढीच आपली भेट. त्या दिवशी हॉर्न वाजला, मी हात वर केला, पण गाडी थांबली. तुम्ही उतरले.

"दगड कोन मांडले?"

"काकानं."

"अन् तुले डोये नाही? चाक ह्या लाखोरीवर आलं का गाडी घसरते, साबनावर पाय पडल्यावानी. चुकवावं तर तुमचे दगड. माह्या मांगं शेठचे लेकरं बसले हायेत."

"साऱ्या गावानं मांडले. मलेच काहून बोलता?"

"सारं गाव माह्या पोटचं नाही."

शेठचे पोट्टे खिडकीतून बघून राहिले होते. एक माझ्याएवढाच, इस्त्रीची पँट घातलेला. तो हसला. सून म्हणाली, "मुलगा तुमचाच शोभतो ड्रायव्हर, तोंड अगदी तुमच्यावर गेलं आहे." मग सारेच हसले, आणि तुम्हीही थोडं हसले. मला बोलले ते मी गिळलं असतं. तुम्ही त्यांच्यासोबत हसले, ते नाही गिळता आलं. गाडीत बसता बसता म्हणाले, "सांजचं मी ह्याच रस्त्यानं येतो. एकही गोटा दिसला नाही पायजे."

दिवस कलता कलता लाखोरी उचलली. आई दाण्याचं टोपलं घेऊन घरी गेली, काका भुशाची बंडी घेऊन गेला. दगड उचलायचं काम माझं. सारे उचलले, एक राहू दिला. सगळ्यांत मोठा, समोरून ट्रक आला का जिथं चाक खाली उतरवावं लागतं, तिथला. तुमचं वाईट मी मनात आणलं नव्हतं, बाबा. मला एवढंच वाटलं का तुम्ही तो लांबून बघाल, गाडी थांबवाल, त्या पोट्ट्यांदेखत स्वतः उतरून वाकून उचलाल, आणि मी बांधावर बसून बघीन.

दिवस बुडाला होता, पण अजून दिसत होतं. साकोलीकडून तुम्ही आले, समोरून ट्रक. ट्रकवाला डांबरी सोडायला तयार नव्हता. तुम्ही डावीकडे घेतलं, चाक दगडावर चढलं. मी दोन हॉर्नची वाट बघत होतो. एकच आला, आणि तो थांबेचना. गाडी करंजीच्या झाडाला लागली होती आणि तुमची छाती हॉर्नवर होती.

पहिला मी धावलो, हे साऱ्यांना माहीत आहे. बापासाठी पोरगं कसं धावलं, असं लोक तेरवीपर्यंत सांगत होते. पण मी आधी गाडीकडे नाही आलो, बाबा. मी दगडाकडे गेलो. तो पोटाशी धरला, रस्त्यालगतच्या बोडीपर्यंत नेला आणि पाण्यात टाकला. तितका वेळ हॉर्न वाजतच होता. मग येऊन तुम्हाला मागे ओढलं, तेव्हा तो बंद झाला. तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही माझ्या ओल्या हातांकडे बघितलं का नुसतंच समोर बघितलं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मागचे दरवाजे उघडले नाहीत. लेकरं आतल्या आत एकमेकांवर पडली, सुनेचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं. बाहेर कोणीच फेकलं गेलं नाही. ते कोणामुळं, हे मात्र कोणी बोललं नाही. तुम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्यात दुसऱ्या सकाळी जीव सोडला, आणि शेठ म्हणाले, "डुलकी लागली असेल बिचाऱ्याला." ट्रक थांबला नव्हता, दगड कोणी बघितला नव्हता. दुसरं कारण सापडेना, म्हणून तेच कारण झालं. आईही तेच धरून बसली. तुम्ही गाडीवर असताना जेवत नव्हते हे तिला माहीत आहे, तरी कोणी विषय काढला का म्हणते, "मानूस चांगला होता, पन झोपेनं घात केला." मी शेजारी बसून ऐकत होतो. शेवटी ते ऐकवेना म्हणून गाव सोडलं.

आता सुरतेला आहे. लूमवर टिकलो नाही, हॉटेलात टिकलो नाही, आता एका मालकाची मॅटाडोर चालवतो. रविवारी घरंच्या घरं भरून दरियावर, नाहीतर घाटात फिरायला नेतो. निघताना गाडीभोवती फेरी मारतो, दरवाजे दोरीनं बांधतो. रस्त्यात दगड दिसला का गाडी उभी करून उतरतो. मागून बायका विचारतात, "ड्रायव्हरभाई, सोना मिला क्या?" मी दगड लांब, रस्त्यापासून खूप लांब नेऊन ठेवतो, पण जिथं पाणी आहे तिथं टाकत नाही. आणि कुठं कोणाचा हॉर्न अडकून वाजत राहिला, तर माझे हात आपोआप पोटाशी येतात, काही जड धरल्यासारखे. एकदा भरल्या गाडीत हात स्टेअरिंग सोडून आले. पायानं ब्रेक दाबला म्हणून वाचलो.

आई शेजारच्या पोरीकडून पत्र लिहून घेते. दर पत्रात शेवटी एकच गोष्ट असते. झोप आली का गाडी कडेला उभी करजो. तुह्या बाबाले समजलं नाही, तू तरी समज.

आज पोस्टात गेलो होतो. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन ओळी लिहायला जागा असते. तिथं लिहिलं, बाबांना झोप लागली नव्हती. दगडाचं लिहिलंच नाही, एवढंच लिहिलं. खिडकीपर्यंत गेलो आणि फॉर्म फाडला. बाबूनं दुसरा दिला, म्हणाला, "सोच के लिखो भाई, फॉर्म मुफ्त के नहीं आते." दुसऱ्यावर लिहिलं, मी बरा आहे, झोप आली का गाडी उभी करतो. आईला एकशे साठ रुपये पाठवले.