पुढच्या वर्षासाठी एक बाई

प्रिय शेंडेफळ,

परवा फोनवर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, चष्म्याला दोरी लावलीस का गं? तू केवढ्यांदा हसलीस. ‘अय्या, तुला कुणी सांगितलं? कालच तर लावली! अगदी मुख्याध्यापिका दिसते मी.’ मी विषय बदलला आणि नंतर बजावत राहिले, लेकाला एकट्याने रस्ता ओलांडू देऊ नकोस, जिन्यात धावू देऊ नकोस. शेवटी तू वैतागलीस. ‘ताई, घोडा झालाय तो, कडेवर घेऊन फिरू का आता?’ तुझं बरोबरच होतं. पण तेव्हा जे सांगता आलं नाही ते आज लिहिते. मध्येच हसू आलं तर हस, फक्त शेवटपर्यंत वाच.

आमची संस्था तुला ठाऊक आहे. ज्यांचं आपलं माणूस गेलंय त्यांनी आठवड्यातून एकदा यावं, गोल बसावं, बोलावं, एवढंच आमचं काम. आम्ही तिघं: संस्था काढणारे डॉक्टर, हिशेबनीस आणि प्रसिद्धी बघणारी मी. मध्यंतरी खुर्च्या मांडायच्या आणि तशाच उचलून ठेवायच्या अशी गत झाली होती, टाळं लावायचंच बाकी होतं. तेव्हा एक प्रशिक्षक बाई आल्या. लहान संस्थांना प्रसिद्धीचं नियोजन कसं करायचं ते शिकवायच्या. म्हणाल्या, ‘तुम्ही सगळ्या गावाला हाका मारता, म्हणून कुणीच वळून बघत नाही. एकच माणूस ठरवा. त्याचं वय, काम, घर, सवयी, आणि त्याने काय गमावलंय. फळ्यावर लिहा, बैठकीत त्याच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवा, पत्रक लिहायचं ते त्यालाच. आणि एकदा लिहिलं की वर्षभर खोडायचं नाही. रोज बदललं तर ते नियोजन नव्हे, धरसोड झाली.’

आम्ही एक म्हातारा शिंपी ठरवला. बायको गेलेली, तरी अजून दोन कप चहा करतो, स्वेटरचं एक बटण वेगळ्या रंगाचं. खरं सांगते, मजा आली. हिशेबनीस तर त्या रिकाम्या खुर्चीला विचारायचे, ‘काय शिंपीबुवा, अक्षर मोठं हवं का?’ मी पत्रक लिहिलं, औषधांच्या दुकानात आणि लाँड्रीत ठेवलं. दोन आठवड्यांनी दारात एक म्हातारा उभा. हातात पत्रक, स्वेटरला चार काळी बटणं आणि एक लाल. कुणी न सांगता तो नेमका त्याच खुर्चीवर जाऊन बसला. आम्हाला वाटलं, जाहिरात लागू पडली! त्याच्यामागून इतर येऊ लागले, खोली भरली, संस्था तगली. दुसऱ्या वर्षी आम्ही पोहायला शिकवणारी एक मुलगी ठरवली. वडील गेलेले, अजून त्यांच्या फोनवर निरोप पाठवते. तीही आली. त्याच खुर्चीवर बसली.

तिच्याशी बोलताना मी विचारलं, वडील कधी गेले. उन्हाळ्यात, म्हणाली. शेंडेफळ, आम्ही तिला फळ्यावर लिहिलं होतं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. मग मी शिंप्याला विचारलं. त्याची बायको गेली ती आमच्या बैठकीनंतरच्या आठवड्यात. तोवर ठणठणीत होती. मी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते गं. माणसं जातातच.’ हिशेबनीस म्हणाले, ‘खोली भरतेय ना? मग कशाला उगाच वळवळ!’

परवा दुपारी पुढच्या वर्षासाठी माणूस ठरवायला बसलो. या वेळी तरुण आई घेऊ, असं ठरलं. डॉक्टर डोळे मिटून सांगत होते आणि हिशेबनीस लिहीत होते. भूगोल शिकवते. स्वयंपाकघर पिवळं, कारण घरमालकाकडे तोच रंग उरला होता. मुलगा पायरीवर बसून बुटाची नाडी बांधतो आणि पडलेल्या दातांच्या फटीतून शिट्टी वाजवतो. चष्म्याला दोरी. ऑफिसात मी घरचं कधी काही बोलत नाही, तुलाही त्यांनी पाहिलेलं नाही. तरी फळ्यावर ओळीओळीने तूच उतरत होतीस. दोरीचं तेवढं मला माहीत नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी तुला फोन केला.

काल उरलेली ओळ भरायची होती. काय गमावलंय. हिशेबनीस म्हणाले, ‘मूल लिहू. काळजाला भिडतं.’ आवाज इतका साधा, जणू चहात साखर किती ते विचारताहेत. डॉक्टरांनी मान हलवली, हिशेबनीसांनी खडू उचलला. ती ओळ कोरी सोडायला दोघं तयार नव्हते, आणि मी भांडून उठून गेले असते तर त्यांनी माझ्यामागे ती भरलीच असती. मी त्यांच्या हातून खडू घेतला आणि लिहिलं: थोरली बहीण. हिशेबनीस हिरमुसले. ‘बहीण? त्यात काय दम आहे?’ मी म्हटलं, तुम्हाला बहीण नाही म्हणून असं वाटतं. मग डॉक्टरच म्हणाले, लिहिलं ते लिहिलं, आता वर्षभर खोडायचं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दोघांना चहा पाजला.

तेव्हा आता लेकाच्या मागे मागे धावू नकोस. खेळू दे त्याला जिन्यात. माझी तब्येत चांगली आहे, काही दुखत-खुपत नाही, आणि कदाचित डॉक्टरांचंच खरं असेल. पण तसं नसलं तर थोड्या दिवसांनी कुणीतरी तुझ्या हातात आमचं पत्रक देईल. ते मीच लिहिलंय, आज सकाळी छापायला दिलं. या वेळी माणूस डोळ्यांसमोर आणायला काहीच कष्ट पडले नाहीत. ‘तुम्ही एकटे नाही’ हे आमचं नेहमीचं वाक्य मी काढून टाकलं, असली वाक्यं तुला कधीच सोसत नाहीत. फक्त पत्ता आणि वेळ ठेवली आहे. रुसून घरी बसू नकोस. जा, आणि माझ्याबद्दल हवं तेवढं वाईट बोल.

तुझीच,
ताई