पत्राची कापलेली ओळ

मी, वॉरन टेन आइक, वय अठ्ठावन्न, व्यवसाय साप्ताहिकाचा संपादक, राहणार एल्ड्रिज फॉल्स, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि सकाळपासून कॉफीखेरीज काहीही न घेता, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते लिहून ठेवतो. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. अशी वाक्यं मी स्वतः तीस वर्षं छापली आहेत, म्हणून हा कागद.

वकील केलेला नाही. कॉलेजात चार वर्षं संस्कृत शिकलो असल्यामुळे लांब वाक्याचं मला भय नाही. या गावात त्या विद्येचा झालेला हा पहिलाच उपयोग. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. केलेलं एकही नाही, पण असं लिहायची रीत आहे.

कलम १. मिल स्ट्रीटवरचं घर, आतल्या सामानासह, माझी धाकटी बहीण रूथ हिला मिळावं. ती ऑल्बनीत राहते आणि दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आत बंदुकांचा विषय काढते. रूथ, घरापासून सडकेपर्यंतची शंभर फुटांची वाट हिवाळ्यात बर्फाखाली जाते. अकरा हिवाळे ती कर्टिस हॅगडॉर्नने आपल्या ट्रकला बर्फ लोटायचा फाळ लावून साफ केली. मी कधी सांगितलं नाही, त्याने कधी बोलून दाखवलं नाही. सकाळी उठावं तर वाट मोकळी. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण कलम ५ मध्ये ते लागेल.

कलम २. वडिलांची हरणाच्या शिकारीची बंदूक माझा मावसभाऊ फ्लॉइड सिकलर याला द्यावी. रूथला हे आवडणार नाही. परंतु त्या बंदुकीने आजवर चौदा हरणं आणि एक टपालपेटी यांखेरीज कोणाचं वाईट केलेलं नाही. माझ्या पेनाबद्दल मला असं म्हणता येत नाही. फ्लॉइडने ती कुलपात ठेवावी. मी हे त्याला तोंडी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वॉरन, लेका, कुलपातली बंदूक म्हणजे तुझं संस्कृत. आहे म्हणायची, कामाला नाही." तरीही कुलपात ठेवावी.

कलम ३. 'एल्ड्रिज फॉल्स हेराल्ड' हे साप्ताहिक, त्याचं नाव, दोन संगणक आणि वर्गणीदारांची यादी माझी सहसंपादक नदीन लूमिस हिला द्यावी. अट एकच. वाचकाच्या पत्राची शेवटची ओळ तिने कधी कापू नये. पहिली कापावी, मधली कापावी. माणूस जे म्हणायला बसलेला असतो ते शेवटी म्हणतो.

कलम ४. कचेरीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत वृत्तपत्र संघटनेने दिलेलं एक मानपत्र आहे. मार्च २०२३ च्या माझ्या अग्रलेखाबद्दल, 'शोकाच्या प्रसंगी समतोल राखल्याबद्दल', असं त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे. मानपत्र जाळावं. काच फ्लॉइडने टोमॅटोच्या रोपांवर थंडीत झाकायला न्यावी. दोन वर्षं ती चौकट माझ्या पाठीमागे होती. समोरच्या भिंतीवर लावायचा धीर मला झाला नाही.

कलम ५. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात एक लिफाफा आहे. तो बर्निस कोवालिक हिला द्यावा.

बर्निस आमच्या नगर कचेरीत कारकून आहे. शिकारीचे परवाने, कुत्र्यांचे बिल्ले, लग्नाचे दाखले तिच्या हातून जातात. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिचा नवरा लेन रविवारी, १९ मार्च २०२३ रोजी, अग्निशमन दलाच्या सभागृहात, दलासाठी पैसे जमवायला दर वसंतात होणाऱ्या पॅनकेक न्याहारीला, तव्यापाशी उभा असताना मारला गेला. त्याच्यासोबत आणखी तिघं गेले. गोळ्या कर्टिस हॅगडॉर्नने झाडल्या, शेवटची स्वतःवर.

लिफाफ्यात कर्टिसने संपादकाला लिहिलेलं मूळ पत्र आहे, तारीख २९ जुलै २०२२. त्याच्या तापटपणामुळे दलाने त्याला स्वयंसेवकांतून काढलं होतं. चार परिच्छेद तक्रारीचे आहेत आणि खाली ही ओळ: "एखाद्या रविवारी सगळे तव्याभोवती जमलेले असताना मी आत येईन, मग कोण कोणाला काढतं ते बघू."

ही ओळ मी कापली. जागा नव्हती असं नाही. ओळ वाईट दिसत होती, आणि माझी वाट साफ करणारा माणूस गावात वाईट दिसू नये असं मला वाटलं. मी त्याला फोन केला. म्हटलं, "कर्टिस, शेवट जरा जड झालाय. काढतो."

"तू शिकलेला माणूस," तो म्हणाला. "तुला बरं दिसेल ते कर."

बाकीचं पत्र छापून आलं. लोक म्हणाले, बरं लिहितो की कर्टिस.

तीन आठवड्यांनी न्यायाधीशांच्या कचेरीतून एक छापील फॉर्म आला. आमच्याकडे पिस्तुलाचा परवाना मागणाऱ्याला ओळखीच्या चौघांची नावं द्यावी लागतात. त्या चौघांनी तो कसा आहे ते लिहून कळवायचं. गावात हे काम शेजाऱ्याला शिडी देण्यासारखं मानतात. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, म्हणून नाही कोणीच म्हणत नाही. सातवा प्रश्न असा होता: अर्जदाराच्या बोलण्यात, लिहिण्यात किंवा वागण्यात इतरांना धोका वाटावा असं काही आपल्या माहितीत आहे काय?

मी 'नाही' वर खूण केली. खाली मोकळी जागा होती. ती भरणं सक्तीचं नव्हतं, तरी मी लिहिलं: "संयमी, परोपकारी, वचनाला जागणारा." विशेषणं माझ्या हातून सढळ सुटतात. कर्टिसला परवाना मिळाला. आणि वचनाला तो जागलाच.

नंतर मी तो अग्रलेख लिहिला. त्यातलं वाक्य सर्वांना पाठ आहे: हे असं होईल हे आपल्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. एप्रिलमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली. फ्लॉइडच्या बाजूचे म्हणाले, "फॉर्म होता, न्यायाधीश होता, चार साक्षी होत्या. काय थांबलं? कायदे करून काही होत नाही." रूथच्या बाजूचे म्हणाले, "एवढा तोकडा कायदा असल्यावर दुसरं काय होणार?" दोन्ही बाजूंनी माझा अग्रलेख वाचून दाखवला. मी पहिल्या रांगेत टिपणं घेत बसलो होतो. कायद्याने योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला होता, हे त्या सभेत एकालाच माहीत होतं. तो टिपणं घेत होता.

बर्निस माझ्यामागे दोन रांगा सोडून बसली होती. सभा सुटल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू लिहिलंस ते बरं केलंस." मी म्हणालो, "काळजी घे."

म्हणून हा लिफाफा माझ्या मृत्यूनंतर तिला मिळावा. आधी का दिला नाही, असं तिला विचारावंसं वाटेल तेव्हा उत्तर द्यायला मी नसेन. योजना तीच आहे. ती योजना आहे याचीही लाज वाटते.

वरील मजकूर टंकलिखित आहे. यापुढचा मी हाताने लिहीत आहे, कारण सह्यांच्या वेळी योजना बिघडली.

आमच्या गावात कोणाचंही मृत्युपत्र असो, साक्षीला बर्निस असते. बोलवावं लागत नाही, कळवावं लागतं. मंगळवारी सकाळी दहाला ती आपलं पेन घेऊन कचेरीत आली. टपालवाला हर्शेल ब्रिग्ज दुसरा साक्षीदार. मी शेवटचं पान तेवढं पुढे सरकवलं.

"थांब की," बर्निस म्हणाली. "यात माझ्यासाठी काही ठेवलं नाहीस ना? साक्षीदाराला त्यातलं काही घेता येत नाही. आयडा म्हातारीनं शिलाईचं मशीन माझ्या नावे लिहिलं होतं. मी सही केली आणि मशीन गेलं पुतण्याला."

"हा तुला काय ठेवणार?" हर्शेल म्हणाला. "फार तर एखादा स्वल्पविराम."

मी ते पान परत माझ्याकडे ओढलं. वकील केला असता तर हे कळलं असतं. किंवा मला ठाऊक असावं आणि मी स्वतःलाही सांगितलं नसावं. याचा निवाडा माझ्याच्याने होत नाही.

"वॉरन. ठेवलंयस काहीतरी."

"मी दुसरा साक्षीदार बघतो," मी म्हणालो. "औषधाच्या दुकानातली मुलगी येईल."

"काय ठेवलंयस?"

औषधाचं दुकान रस्त्यापलीकडेच होतं. मुलगी आली असती, गुरुवार पार पडला असता, आणि खण तसाच राहिला असता. मी खण उघडला.

तिने पत्र उभ्यानेच वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबली. मग मी कलम ५ तिच्यापुढे ठेवलं आणि ती खुर्चीत बसली. हर्शेल भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिला. त्यावर अजून ऑगस्ट होता.

"सातवा प्रश्न," ती म्हणाली.

"हो."

"लेन तुझा पॅनकेक बाजूला काढून ठेवायचा. जरा करपलेला. तुला तसा आवडतो म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझ्याच वाट्याला नेहमी करपलेला येतो.

"हे पत्र आता माझं?"

"तुझं."

"मग या अंकात छाप. पत्र, फॉर्मवर काय लिहिलंस ते, सगळं. तुझ्या नावानं."

"गुरुवारी मी भुलीखाली असेन, बर्निस."

"अंक छपाईला बुधवारी जातो," ती म्हणाली. "बावीस वर्षं नगर कचेरीच्या जाहिराती मीच पाठवते. मला नको सांगूस."

तेव्हा कलम ५ मी रद्द करतो. वस्तू हयातीतच दिली आहे. नदीनला पान मोकळं ठेवायला सांगितलं आहे. मजकूर आज दुपारी माझ्या हातून तिच्याकडे जाईल. त्यात विशेषण एकही नाही. बाकी कलमं कायम.

ठिकाण: एल्ड्रिज फॉल्स
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

(सही) वॉरन टेन आइक

साक्षीदार १: (सही) हर्शेल ब्रिग्ज, टपालवाला. वरील इसमाला मी ओळखतो.

साक्षीदार २: (सही) बर्निस कोवालिक, नगर कचेरी. वरील सही त्याने माझ्यासमोर केली, एवढंच मी लिहून देते. माणूस कसा आहे याबद्दल काही लिहून देत नाही.