नानांचं ‘निघतो’

५ फेब्रु. ८७, गुरु.
टीव्हीवाल्यांचं पत्र. प्रहसन पसंत. सात मिनिटांचं. माझ्यासारख्या आठवी नापास, कारखान्यातल्या टर्नरनं लिहिलेलं, आणि बघणार अख्खा महाराष्ट्र. ही म्हणाली, आधी रॉकेलची रांग बघा. बघितली. रांगेत सगळ्यांना सांगून झालं.
मांजर्लीला, लेकीच्या सासरी, मात्र कळवलं नाही.

८ फेब्रु., रवि.
नाना आले होते. आमचे व्याही, शुभाला त्यांच्या घरी देऊन तीन वर्षं झाली. चार वाजता ‘निघतो’ म्हणाले. मग चहा. परत ‘निघतो’, चपला घातल्या, दारात उभ्यानं विहिरीच्या मोटारीची गोष्ट. परत आत, पोहे. जिन्यात ‘निघतो’. फाटकाशी ‘निघतो’. साडेसहा वाजले. माणूस लाख मोलाचा.
प्रहसन नेमकं हेच. नाव बदललंय, उठबस तीच. आज सांगणारच होतो. तोंड उघडलं आणि ‘आणखी चहा?’ एवढंच बाहेर पडलं.

१९ फेब्रु., गुरु.
टीव्हीवर लागलं. खोलीत तीस माणसं, खिडकीत आणखी. उल्हासनगरहून आमचे कारखानदार लालचंदशेठ मुद्दाम आले. पोट धरून म्हणतात, ‘तात्या, ये तो हमारा बहनोई है.’ ज्याला त्याला आपलाच कुणी दिसला. छाती फुगली.
मग दारात नटाचं धोतर सुटलं. हे मी लिहिलेलं नाही, शपथेवर. पण टीव्हीतली न दिसणारी माणसं आधी हसली, मग खोली हसली. सगळ्यात मोठा हशा तिथंच.
मीही हसलो. खोटं कशाला लिहू.

२२ फेब्रु., रवि.
नाना आले. पाणी प्याले. पंधरा मिनिटांत ‘निघतो’ म्हणाले, आणि निघाले. हिचं चहाचं आधण तसंच. मी फाटकापर्यंत धावलो तर ते कोपऱ्यावर.

२५, बुध.
शुभा आली. नाना कुणाकडे जात नाहीत म्हणे. गल्लीतली पोरं धोतर सावरून दाखवतात.
‘बाबा, तुम्हाला माझ्याच घरचं माणूस सापडलं?’
बेसनाचे लाडू बांधून दिले. घेतलेन, तेवढंच बरं.

१ मार्च, रवि.
मांजर्लीस जाऊन माफी मागितली. नानांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, ‘पाचदा उठतो, खरंय. तुमच्याकडनं पायच निघत नाही, त्याला काय करू? पण तात्या, माझं धोतर कधी सुटलं?’
म्हटलं, ते टीव्हीवाल्यांनी घुसडलं.
‘दार तुम्ही उघडून दिलंत.’
खरं होतं.

४ मार्च, बुध.
दुसरं पत्र. आणखी पाठवा, धोतरासारखं काहीतरी हवंच. खरं सांगतो, हात शिवशिवले.
ही म्हणाली, या खेपेस स्वतःवर लिहा. माझ्यात हसण्यासारखं काय आहे, असं विचारायचा अवकाश, कणकेचे हात धुऊन समोर येऊन बसली. कागद पुरले नाहीत.

८ मार्च, रवि.
वही घेऊन मांजर्ली. नानांना म्हटलं, आधी तुम्ही ऐका. नको म्हणालात तर पाठवत नाही. मग वाचलं. चांगल्या चालणाऱ्या वस्तू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दुरुस्त करणारा मी. माझ्या कृपेनं बंद पडलेला पंखा, घड्याळ, शेजाऱ्यांची इस्त्री. शुभा दाराआड हसत होती, ऐकू आलं. नाना भिंतीकडे बघत. एकदाही हसले नाहीत.
संपल्यावर चष्मा पुसला.
‘पहिल्यापासून वाचा,’ म्हणाले. ‘जरा सावकाश.’