रश्मीचे फोटो, माझा टॅब

सोम., १२ जाने.
काल जेवताना मंदारने रश्मीच्या तोंडावर डब्याचं झाकण मारलं. स्टीलचं. दुपारी त्याचा फोन तिने उचलला नाही, किराणा दुकानात रांगेत होती, एवढंच कारण. ओठ फाटला. भातावर रक्त पडलं. माझ्या मुलाने माझ्या सुनेला मारलं आणि मी काय केलं, तर उठून पाणी आणलं. मग भांडी आवरली.
आज ती बालवाडीत शिकवायला गेली नाही. जिन्यात पडले, असं कळवलं.

बुध., १४ जाने.
संक्रांत. मंदारने गजरा आणला, तिने माळला. तिळाची वडी त्यानेच भरवली. तिघांचा फोटो काढताना तिला म्हणाला, "नीट हस की." हसताना ओठ पुन्हा उलला.
मंदारचे वडील होते तेव्हा माझ्यावर हात उचलायचे. मंदार सहा-सात वर्षांचा असेल. दाराआड उभा असायचा. कधी कधी वाटतं...

शनि., १७ जाने.
हळदीकुंकू पार पडलं. रश्मी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून वाण देत होती. सगळ्या बायका गेल्यावर स्वयंपाकघरात बाही वर केली. दंडावर चार बोटं, निळी.
"आई, तुम्ही बघता. मला माहितेय, तुम्ही बघता."
मी तिची बाही खाली केली.
फोटो काढून ठेवलेत म्हणाली. आवाजही रेकॉर्ड केलेत. पण मंदार रोज संध्याकाळी तिचा मोबाइल तपासतो. घरचं वायफाय त्याच्या हातात, मोबाइलमधलं खातंही त्यानेच उघडून दिलेलं. नेटवरून काहीही कुठे पाठवलं की त्याला कळतं. म्हणून ती नेट बंद करून फोटो काढते आणि बालगीतांच्या फोल्डरमध्ये लपवते. आज ना उद्या सापडतीलच.
"तुमच्या टॅबवर ठेवू का? तो कुणी बघत नाही."
टॅबवर मी भजनं ऐकते, शब्दकोडी सोडवते. विचार करते म्हणाले.

रवि., १८ जाने.
मंदार दिवसभर बरा होता. माझ्यासाठी चहासुद्धा केला. दुपारी इस्त्री करताना रश्मी माझ्याशी हळू काहीतरी बोलली. "काय कुजबुज चाललीय?" इस्त्रीचा प्लग ओढून काढला आणि वायर तिच्या पोटऱ्यांवर. चार वेळा. मी मोजलं. मोजण्यापलीकडे काही केलं नाही.
टॅब द्यायचा.

सोम., १९ जाने.
तो ऑफिसला गेल्यावर ब्लूटूथने सुरू केलं. एक फोटो आला, दुसरा आला, रेकॉर्डिंग अडकलं. तासाभरात अर्धंही नाही. तिची बालवाडीची वेळ झाली. थांबवलं.
दु. स्टेशनजवळून केबल आणली. घरी जोडून पाहिली तर नुसतं चार्जिंग. परत गेले. दुकानातली बाई म्हणाली, "काकू, फाइली जायला डेटा केबल लागते, ही नाही चालत. जोडल्यावर मोबाइलवर विचारेल, तिथे फाइल ट्रान्सफर दाबा." कागदावर लिहून घेतलं. घरी येईपर्यंत कागद मुठीत घामाने ओला.

मंगळ., २० जाने.
झालं. आधी टॅबवर विमानाचं चित्र दाबलं, म्हणजे नेट पूर्ण बंद. मोबाइलचंही तसंच. केबल जोडली. मोबाइलने विचारलं, दाबलं, टॅबवर तिच्या मोबाइलचं नाव आलं. बालगीते उघडलं, सगळं निवडलं, माझ्या शब्दकोड्यांच्या फोल्डरमध्ये घातलं. सात मिनिटं. एकतीस फोटो, पाच रेकॉर्डिंग. टॅबवर एकेक उघडून पाहिलं, मगच तिने मोबाइलमधून पुसलं.
फोटो पाहिले. पाठ. कान. केस उपटलेली जागा, रुपयाएवढी. एका फोटोत मागे माझ्या खोलीचा पडदा दिसतो.

बुध., २१ जाने.
घरी एकटीच. रेकॉर्डिंग ऐकली, कानाला लावून. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर नोकरी केली. लोकांचं बोलणं कानावर पडलं तरी पडलं नाही असं वागायचं, ही तिथली सवय. घरीही तीच चालवली.
तिसरं रेकॉर्डिंग. मंदारच्या शिव्या. तिचं डोकं कपाटावर आपटतं, पत्रा वाजतो. पुन्हा. पुन्हा. ती "आई, आई" करतेय. मला वाटलं, तिच्या आईला हाक मारतेय. मग दार उघडतं आणि एका बाईचा आवाज, अगदी शांत: "मंदार, आधी खिडकी लाव. लोक ऐकतायत." दार बंद.
आवाज माझा.
मला हे आठवतही नव्हतं. ती मला बोलावत होती.
डिलीटवर बोट नेलं. टॅब विचारतो, नक्की का. मग "नाही" दाबलं.

शुक्र., २३ जाने.
डाव्या डोळ्यावर सूज आहे, नीट दिसत नाही, तरी लिहिते.
काल संध्याकाळी केबल सापडली. रश्मीच्या पर्समध्ये राहिली होती. "हिचं काय काम? कुणाला काय दिलंस?" मोबाइल सगळा धुंडाळून पाहिला, काही मिळालं नाही, तसा जास्तच भडकला. केबल तिच्या गळ्याभोवती गुंडाळून ओढली. तिचे डोळे पांढरे झाले. कशीबशी सुटली आणि खोलीच्या दाराची चौकट धरली, तर त्याने दार लोटलं. बोटं मध्ये. हाड मोडल्याचा आवाज मला हॉलमध्ये ऐकू आला.
मी धावले. त्याच्या पाठीवर मुठी मारल्या. "सोड तिला, केबल माझी आहे." त्याने मागे न बघता ढकललं. दिवाणाची कड कपाळाला लागली. तीन टाके.
दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "दोघींना एकदम कसं लागलं?" मंदार शेजारी उभा. रश्मी माझ्याकडे बघत होती.
मी म्हणाले, "बाथरूममध्ये घसरलो."
तिची उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत.

रवि., २५ जाने.
रश्मीचे वडील टिटवाळ्याहून येऊन तिला घेऊन गेले. भांडले नाहीत. चपला घालताना एवढंच म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही घरातच होतात ना?"
दु. मंदार माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "आई, मला काय होतं मलाच कळत नाही." खरंच रडत होता. लहानपणी ताप आला की असाच पडून राहायचा. केसांतून हात फिरवला. माझ्या पाठीमागच्या उशीखाली टॅब होता.

मंगळ., २७ जाने.
"आई, केबल तुझी ना? मग टॅब दे बघू."
"बिघडलाय. नेट धरत नाही."
"म्हणूनच दे."
"नाही देणार."
त्याला मी नाही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. त्यालाही नसावं. हातातला चहाचा कप माझ्या डोक्याजवळून भिंतीवर फोडला. गरम चहा मानेवर. मग माझा दंड पिरगाळला, खांदा कटकन वाजला. तेवढ्यात बेल वाजली, कचरा न्यायला आले होते. त्याने दंड सोडला, स्वतः दार उघडून कचऱ्याचा डबा दिला, थँक्यू म्हणाला, बूट घालून ऑफिसला गेला.
दंडाचा फोटो मी स्वतः काढला. टॅबवर आता बत्तीस.

गुरु., २९ जाने.
स. टिटवाळ्याला गेले. रश्मीने दार उघडलं, पाणी दिलं, डाव्या हाताने. दवाखान्यात खोटं बोलले त्याची माफी मागितली. ती आत गेली. नंतर साडी बदलून आली, "चला."
कल्याणला, घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेतात त्या अधिकारी बाईंकडे. केबल वाटेत नवी घेतली. मीच जोडून दिलं. बाईंनी सगळं स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतलं, एकेक उघडलं. टॅब पुसू नका म्हणाल्या, मूळ मोबाइलही सांभाळा. तिसरं रेकॉर्डिंग लागलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले.
"हा बाईचा आवाज कुणाचा?"
"माझा."
रश्मीने आज पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, मी ते काढून टाकलं असेल.
"जबाब द्याल? मुलाच्या विरोधात जाईल. तुम्हालाही प्रश्न विचारले जातील."
हो म्हणाले. उद्या दहाला बोलावलंय.
सायं. मंदार सातला आला. आज शांत. हातपाय धुऊन जेवायला बसला. मी आमटी केली होती, त्याला आवडते तशी, आंबट. माझ्या खांद्याकडे बघून म्हणाला, "दुखतंय का गं?"
"दुखतंय."
आमटी भुरकली. मग म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतो. दोघं टिटवाळ्याला जाऊ. तू बरोबर असलीस की ती येईल, तुझं ऐकते ती."
मी त्याला भात वाढला. त्याने ताट पुढे केलं, आणखी थोडा वाढला.
"जाऊ ना आई?"
अजून उत्तर दिलेलं नाही. तो बाहेर टीव्ही बघत बसलाय. दोनदा विचारून झालं.